‘मावशी, सेंटरवर सांगू नका’

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आहे. वय ६१. गेलं वर्षभर दर शनिवारी त्या जवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात बिनपगारी कामाला जातात. पुस्तकांचं कपाट लावायचं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची घरची पत्रं लिहून द्यायची, फॉलो-अपच्या वहीत नोंदी करायच्या, अशी कामं. तिथे अ‍ॅडमिट असलेला तिशीतला एक वडापवाला (शेअर जीप चालवणारा) त्यांच्याशी बोलू लागला, मावशी म्हणू लागला. घरी जाताना त्याने फोन नंबर मागितला, बाईंनी दिला. अडीच महिने तो नीट राहिला. मग एका रात्री साडेदहाला फोन आला: गावच्या यात्रेत पाहुण्यांबरोबर घेतली, त्यानंतर आणखी दोनदा झाली. ‘मावशी, सेंटरवर सांगू नका. बायकोला कळलं तर ती माहेरी निघून जाईल. तुमच्याशिवाय मला कोण आहे?’ बाईंनी शब्द दिला. पुढच्या आठवड्यात त्याने गाडीच्या हप्त्यासाठी ३ हजार मागितले, तेही दिले. आता दहा दिवस तो फोन उचलत नाही, फॉलो-अपलाही आलेला नाही. बाई विचारतात, शब्द मोडून सांगू का? तो पुन्हा प्यायला यात माझं काय चुकलं? आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘आई, अशा लोकांत जायचं बंद कर,’ तर तसं करू का? शेवटी ता. क. म्हणून एक ओळ आहे: ‘माझा धाकटा भाऊ दारूपायी बेचाळिसाव्या वर्षी गेला. तेव्हा मला काही करता आलं नाही.’

*

ताई,

उद्या सकाळपर्यंत करायचं काम आधी सांगते. बाकीचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आज त्याला एक मेसेज पाठवा. त्यात दारूचा, यात्रेचा, पैशांचा उल्लेख नको, कारण फोन त्याच्याच हातात असेल याची खात्री नाही. एवढंच लिहा: ‘तुझी काळजी वाटते. उद्या दहा वाजता मी सेंटरवर सरांशी तुझ्याबद्दल बोलणार आहे. त्याआधी तू स्वतः बोललास तर फार बरं. शनिवारी ये, मी आहे.’ उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी उद्या दहाला समुपदेशकांना फोन करायचा आणि तुम्हाला माहीत आहे ते सगळं सांगायचं, तुमच्या ३ हजारांसकट. तो कसा आहे हे बघायला त्याच्या घरी मात्र एकटीने जाऊ नका. ते काम सेंटरची माणसं करतील.

घाई का, तेही सांगते. स्लिप झालेली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलेली माणसं लाजेपोटी एक ठरावीक गोष्ट करतात. कुणाला कळू न देता, खोलीचं दार लावून, स्वतःच्या हिमतीवर बंद करायला बघतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, ताप चढतो आणि यात माणूस दगावूही शकतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि नेमक्या त्या वेळी त्याला देवऋष्याकडे नेतात. गरज असते ती डॉक्टरची, औषधांची, थायमिन या जीवनसत्त्वाची आणि डोळ्यांसमोर ठेवण्याची. तीनदा घेतलेल्या माणसाची ही गत झालीच असेल असं मी म्हणत नाही. पण ‘तीनदा’ हा आकडा त्याने सांगितलेला आहे, आणि तोही आता जुना झाला.

(हेच पत्र ब्राउन शुगर सोडलेल्या कुणाबद्दल आलं असतं तर मी उद्यापर्यंतही थांबू दिलं नसतं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेत घेतलं की श्वास बंद पडू शकतो.)

त्याच्या बोलण्यात जीव देण्याची भाषा आली असेल तर मेसेज वगैरे काही नको. सेंटर, घरचे आणि ११२, यांना लगेच फोन. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. सरकारचा नशामुक्तीचा टोल-फ्री क्रमांक आहे १४४४६.

आता शब्दाचं बोलू.

तुम्ही लिहिता, ‘आयुष्यभर पोरांना शब्द पाळायला शिकवलं, आता मीच मोडू का?’ पण हा शब्द त्याने कुणापासून लपवण्यासाठी मागितला ते बघा. शेजाऱ्यांपासून किंवा गावापासून नाही. स्लिप झालेल्याला पुन्हा उभं करणं हेच ज्यांचं काम, त्या चार माणसांपासून त्याला हे लपवायचं होतं. दारूला घरात नेहमीच एक लपवणारं माणूस लागतं. आई बापापासून लपवते, बायको सासऱ्यापासून, बहीण सगळ्यांपासून. त्या रात्री साडेदहाला ती जागा तुमच्याकडे आली. त्याने ठरवून तुम्हाला गुंतवलं असं मला वाटत नाही. तो घाबरला होता आणि जे माणूस रागावणार नाही त्याला त्याने फोन केला. तुम्ही फोन उचललात, ऐकून घेतलंत, हे चांगलंच झालं. फक्त फोन ठेवण्याआधीचं एक वाक्य राहून गेलं.

ते वाक्य तुमच्यासारख्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं, आणि कुणी गुपित सांगण्याआधी म्हणावं, नंतर नाही: ‘तू मला सांगशील ते सेंटरच्या बाहेर जाणार नाही, पण सेंटरपासून मी ते लपवू शकत नाही.’ याने बोलणारा गप्प होईल अशी भीती वाटते. काही जण होतात. बहुतेक जण थोडं थांबून बोलतात, कारण आता हे योग्य ठिकाणी पोचणार याचा त्यांनाही आधार असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. त्याच्या कलम २३ ने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवादही ठेवला आहे. म्हणजे उपचार करणाऱ्यांनी आपापसात बोलणं वेगळं आणि भाजीबाजारात बोलणं वेगळं. तुमची जागा कुठली हे सेंटरने पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं. मला वाटतं, ते दिलं गेलेलं नाही. तेही उद्या विचारून घ्या.

बायकोला सांगायचं का? तुम्ही नाही. ते तो सांगेल, समुपदेशकांसमोर. तसं पाहिलं तर तिला कळलेलं असणारच. नवरा यात्रेहून कसा आला हे बायकोला कुणी सांगावं लागत नाही. तिला गरज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. पिणाऱ्यांच्या बायकांचे, घरच्यांचे गट असतात. काही केंद्रं ते स्वतः चालवतात, ‘अल-अनॉन’चे गट तर १९५१ पासून जगभर आहेत. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं हे शिकवत नाहीत. तो प्यायला तरी आपलं जेवण, झोप, पोरांची शाळा कशी चालू ठेवायची, हे बाया एकमेकींना सांगतात. ती सेंटरवर आली तर तिला त्या गटापर्यंत नेऊन बसवण्याचं काम तुमच्याइतकं चांगलं कोण करेल?

तो चिडेल, हे धरून चला. ‘तुम्हीपण तसल्याच निघाला’ म्हणेल, चार महिने तोंड दाखवणार नाही, कदाचित कधीच नाही. तो राग सहन करण्यापलीकडे त्यावर उपाय नाही, आणि त्याला समजावायला पुन्हा रात्रीचे फोन करू नका.

‘माझं काय चुकलं की तो पुन्हा प्यायला?’ या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले, कारण पत्रातला सगळ्यात जड प्रश्न तोच आहे. नंबर दिला ही चूक झाली, पैसे दिले हीसुद्धा. पण या दोन्ही गोष्टींमुळे तो प्यायला नाही. पैसे तर त्याने प्यायल्यानंतर मागितले. तो प्यायला कारण अडीच महिने झाले होते, गावची यात्रा होती, घराघरात मटण शिजत होतं आणि पाहुण्याला ‘नको’ म्हणणं आपल्याकडे अपमान समजतात. यात्रा, गटारी, लग्नसराई, पगाराचा दिवस, मयताची रात्र. या तारखा सेंटरमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असतात. यात्रेच्या आदल्या आठवड्यात त्याला कुणी फोन केला होता का? हे तुम्हाला दोष द्यायला विचारत नाही. तुमच्या फॉलो-अपच्या वहीत प्रत्येकाच्या गावच्या यात्रेची तारीख लिहिण्याचा एक रकाना वाढवता येईल, म्हणून विचारते. समुपदेशकांना हे सुचवाच.

पुन्हा पिणं म्हणजे उपचार वाया गेला, हे गृहीतक तर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात घट्ट बसलेलं असतं. अमेरिकेतली ‘निडा’ ही सरकारी संशोधन संस्था सांगते की उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोकांचं व्यसन कधी ना कधी उलटतं, आणि हे प्रमाण रक्तदाब किंवा दम्याच्या पेशंटांमधल्या प्रमाणाहून जास्त नाही. बीपीच्या गोळ्या सोडल्या आणि बीपी वाढलं तर आपण माणसाला नालायक ठरवत नाही, पुन्हा डॉक्टरकडे धाडतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, म्हणजे पिणं सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे गट) सुरुवातीची हकिकतच घ्या. बिल विल्सन नावाचा माणूस पिणं सोडल्यावर काही महिने न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना समजावत फिरत होता. एकही सुधारला नाही. त्याने बायकोपाशी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, पण तू स्वतः प्यायला नाहीस ना. मे १९३५ मध्ये कामासाठी अ‍ॅक्रनला गेलेला असताना धंद्यातला बेत फसला, हॉटेलातल्या बारचा आवाज कानावर येऊ लागला, आणि त्याने फोन फिरवून फिरवून आपल्यासारखाच एक पिणारा शोधून काढला. तो म्हणजे डॉक्टर बॉब. दोघं तासन्‌तास बोलले. आणि मग? त्यानंतर काही आठवड्यांनी डॉक्टर बॉब डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि तिथे भरपूर प्यायले! त्यांची शेवटची दारू १० जून १९३५ ची, आणि तोच दिवस एएचा वाढदिवस मानतात. ज्यांच्यापासून ही जगभरची चळवळ सुरू झाली त्यांचीसुद्धा स्लिप झाली होती. यात्रेत पाहुण्यांपुढे हरलेल्या तुमच्या वडापवाल्याला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी, पण ती एएतल्या एखाद्या जुन्या माणसाने सांगितली तर जास्त लागू पडेल.

पैशांबद्दल थोडक्यात. ते ३ हजार गेले असं समजा. मागू नका, आणि ‘राहू दे रे’ असं मोठेपणाने सांगूही नका. परत करायचे की नाही हे तो नीट झाल्यावर त्याचं तो ठरवेल. नव्याने सोडलेल्या माणसाच्या हातात रोकड असणं हेच पिण्याचं मोठं निमित्त असतं, म्हणून सुरुवातीचे महिने त्याचा पैसा घरच्यांनी सांभाळावा असं अनेक केंद्रं सांगतात. मदत करावीशी वाटलीच तर ती केंद्राला द्या, पावती घ्या. आणि फोन: तुमचा नंबर आता त्याच्याकडे आहे, तो काही परत घेता येत नाही, पण रात्री नऊनंतर उचलायचा नाही असं ठरवा आणि ज्याच्या-ज्याच्याकडे नंबर आहे त्या सर्वांना सांगा. नऊनंतर करायचा नंबर म्हणून त्यांना सेंटरचा द्या. यापुढे कुणालाही फक्त सेंटरचाच.

आता ती ता. क. ची ओळ.

मी चूक असेन तर हा भाग सोडून द्या. पत्रावरून माणूस कळतो असा माझा दावा नाही. पण ज्या माणसाबद्दल तुम्ही अडीच पानं लिहिलीत त्याचं वय, त्याचं लाघवी बोलणं, हात जोडून पैसे मागणं, आणि तुम्ही ‘यावेळी तरी’ हे शब्द दोनदा वापरलेत, हे वाचताना मला वाटलं की या सगळ्यात तुमचा भाऊ आहे. भावामुळे तुम्ही या कामात आलात यात काही गैर नाही. या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांच्या घरात असं एक माणूस असतं किंवा होऊन गेलेलं असतं. मला वेगळीच काळजी वाटते.

व्यसनातून उठणाऱ्या माणसाभोवती जमलेल्या प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. बायकोला संसार हवा असतो, आईला पोरगा, मालकाला वेळेवर येणारा ड्रायव्हर, आणि खोटं कशाला बोला, सेंटरलासुद्धा आपले आकडे चांगले हवे असतात. तो सोडेल की नाही याकडे सगळे श्वास रोखून बघत असतात, आणि त्या नजरांचं ओझं फार असतं. अशा वेळी शनिवारी येणारी एक बाई, जिचं त्याच्या दारू सोडण्यावर काही म्हणजे काही अवलंबून नाही, जी त्याला वर्तमानपत्र वाचायला देते आणि ‘काय रे, कालची मॅच बघितलीस का?’ विचारते, ती त्याला लाखमोलाची असते. तिच्यासमोर तो पेशंट नसतो, कुणाचा अपराधीही नसतो. पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्याला हे करता येत नाही, घरच्यांना तर नाहीच. बिनपगारी माणसालाच ते जमतं.

पण तुम्हालाही तो सुटायला हवाच असेल, भावाचं राहिलेलं त्याच्याकडून पुरं करायचं असेल, तर तुम्हीही त्या श्वास रोखणाऱ्यांतल्याच एक होता. मग तुमच्याशी खोटं बोलणं त्याला भाग पडतं. दहा दिवस तो फोन का उचलत नाही, यामागे हेही एक कारण असू शकेल.

म्हणून माझी एक विनंती. पुढचे काही महिने तुम्ही स्वतः त्या नातेवाइकांच्या गटात बसा. मदतनीस म्हणून नको, चहा वाटायला नको, भाऊ गेलेली बहीण म्हणून बसा. तिथे ‘मला काही करता आलं नाही’ हे वाक्य बोला. ज्यांना अजून रोज काहीतरी करावं लागतंय त्या बाया यावर काय म्हणतात ते ऐका. सांत्वन तर त्या करतीलच, पण मला वाटतं त्या तुमच्याशी भांडतीलही, आणि त्याची तुम्हाला जास्त गरज आहे.

काम सोडायचं का? माझं उत्तर नाही असं आहे, पण तुमच्या कामाची वाटणी बदला असं मी म्हणेन. एकट्याशी एकटीने बसून बोलण्याची कामं सध्या बाजूला ठेवा, आणि हात लागतील अशी कामं मागून घ्या. तुम्हाला ती कमी दर्जाची वाटतील. पत्रात ‘मला नुसती कारकुनी देतात’ असं लिहिलंयच. पण फॉलो-अपच्या शनिवारी कुठल्याही सेंटरच्या ओसरीत उभं राहून बघा. एसटीने दीड तास करून आलेली बाई कडेवरच्या पोरासह गटाच्या खोलीच्या दारात घुटमळत असते. पोर रडतं, आत सगळे वळून बघतात, ती ‘नंतर येते’ म्हणून माघारी फिरते आणि तिचा तो शनिवार गेला. चाळीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना सांभाळलेल्या बाईने तिथे एक सतरंजी टाकली, पाट्या आणि खडूचे तुकडे ठेवले, तर आतला गट पूर्ण भरेल. यासाठी समुपदेशनाचा कोर्स लागत नाही. समुपदेशन करायचंच असेल तर त्याचं रीतसर प्रशिक्षण घ्या, ६१ हे काही वय नाही, पण ते शिकल्याशिवाय करू नका.

आपापल्या हाताला येणारं काम करण्यातूनच आपल्याकडचं सर्वांत नावाजलेलं केंद्र उभं राहिलं. १९८० नंतर पुण्यामुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर पसरली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी देणगी दिली, आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी उपचारांची बाजू उचलली. २९ ऑगस्ट १९८६ ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. लिहिणाऱ्याने औषधं दिली नाहीत आणि देणगी देणाऱ्यांनी उपचारात लुडबुड केली नाही. तिथला अ‍ॅडमिट राहण्याचा काळ ३५ दिवसांचा, पण पाठपुरावा मात्र कितीतरी लांब चालतो. खरी परीक्षा घरी गेल्यावर सुरू होते, आणि बाहेरच्या माणसांचे हात लागतात तेही तिथेच.

इतर वाचकांपैकी कुणी अशा कामाला जायचा विचार करत असेल, तर जाण्याआधी केंद्र बघून घ्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर नेमाने येतो की फक्त पाटीवर आहे, घरच्यांना भेटू देतात का, जेवण काय असतं, आणि खोल्यांना बाहेरून कुलपं आहेत का. ‘चार फटके दिल्याशिवाय सुटत नाही हो’ असं तिथला माणूस हसत सांगत असेल तर त्याच पावली परत या आणि तक्रार करा. अशी केंद्रं आहेत, आणि आपल्या भल्याभल्या ओळखीची माणसं तिथे पोरांना सोडून येतात.

आणखी एक, कारण व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला गावात हे विचारतातच: ‘न कळत आमटीत घालायचं ते औषध मिळेल का?’ देऊ नका, नावही सांगू नका. डायसल्फिराम ही गोळी पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला सगळं माहीत असतानाच द्यायची असते. चोरून दिलेल्या गोळीने जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी तो त्या घरात पुढे कशाला आणि कुणाच्या हातचं जेवेल?

राहिला मुलगा. ‘अशा लोकांत’ म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे कुणास ठाऊक. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात असं आढळलं, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस त्याच्या ऑफिसात, सोसायटीत, मामाच्या घरी होते. मामा म्हटल्यावर तो कदाचित गप्प बसेल, पण ते त्याला टोचून बोलू नका; त्याने मामाला पाहिलंय आणि आईला मामासाठी रडताना पाहिलंय. तो तुमच्यासाठी घाबरलाय. रात्री साडेदहाला अनोळखी पुरुषाचा फोन आणि पाठोपाठ पैसे, हे ऐकून कुठलाही मुलगा घाबरेल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

त्याला वादात जिंकायला जाऊ नका. नऊनंतर फोन बंद, पैसे बंद, कुणाच्या घरी एकटीने जाणं बंद, आणि शनिवारी पाचला परत, हे चार नियम त्याला सांगा आणि पाळा. तीन महिन्यांनी त्याला पुन्हा विचारा. तो सातारला येईल तेव्हा त्याला एएच्या एखाद्या खुल्या सभेला घेऊन जा. खुल्या सभेला न पिणाऱ्यालाही येता येतं, कुणी नाव-गाव विचारत नाही, तास-दीड तासात उठता येतं. जवळची सभा कुठे आणि कधी असते ते तुमच्या सेंटरमध्येच कळेल.